भिंतींचे दप्तर

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याची पायरी जो आयुष्यात कधी चढला नाही, करवत, छिन्नी आणि गिरमिट यांखेरीज ज्याच्या हाती दुसरे अवजार आले नाही, आणि शाळा, इस्पितळे व कचेऱ्या यांच्या भिंतींना नि छतांना तक्ते बसविण्याचे निरुपद्रवी दिसणारे काम ज्याने तारुण्यात इमानेइतबारे केले, अशा इंग्रज सुताराला उतारवयात या खनिजाने गाठावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु ज्युलियन पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा निष्कर्ष नेमका हाच आहे. १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि वयाच्या तिशीपूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ सुतारकाम केलेल्या ब्रिटिश पुरुषांत सुमारे दर सतरा जणांपैकी एकाला मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा असाध्य कर्करोग, होण्याचा संभव त्या पाहणीने वर्तविला. कारखान्यातला कामगार आपण धुळीत उभे आहोत एवढे तरी जाणत होता. सुताराला मात्र आपण काय कापतो आहोत हेच कोणी सांगितले नव्हते. इमारतींतील ॲस्बेस्टॉसचा सारा प्रश्न, माझ्या मते, या न सांगण्यात साठलेला आहे, आणि म्हणूनच त्यावर ब्रिटनने योजलेला उपाय प्रयोगशाळेचा कमी आणि दप्तराचा अधिक आहे.

ॲस्बेस्टॉस हे एकाच खनिजाचे नाव नव्हे. तंतुमय सिलिकेटांच्या सहा प्रकारांना मिळून ते दिले जाते, आणि बांधकामात त्यांपैकी तिघांचा संचार मोठा होता: पांढरा क्रिसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट. जळत नाही, कुजत नाही, विणता येतो, फवारता येतो, सिमेंटात कालवून त्याचा पत्राही ओतता येतो, आणि इतके करून स्वस्त, असा हा पदार्थ विसाव्या शतकातील स्थापत्याला वरदान वाटला यात नवल नाही. बाष्पनळांवरील जाड लेप, पोलादी खांबांना आगीपासून वाचविण्यासाठी मारलेला मऊ फवारा, भिंतींचे उष्णतारोधक तक्ते, जमिनीच्या फरशा, विजेच्या पेटीतील अस्तर, छपरावरचे पन्हाळी पत्रे, पाण्याच्या टाक्या, पावसाळी नळ, असा त्याचा पसारा झाला. दोष मात्र गुणाच्याच पोटात होता. हा तंतू उभा चिरत जाऊन उत्तरोत्तर बारीक होतो. पाच मायक्रॉनांहून लांब पण तीन मायक्रॉनांहून बारीक असा त्याचा अंश श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो, आणि तेथील संरक्षक पेशींना त्याचा निकाल लावता येत नाही. ना वास, ना ठसका, ना तत्काळ पीडा. रोग प्रकट होतो तो बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी, जेव्हा त्या कामाचा मुकादमही हयात नसतो.

इंग्लंडातील रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली, आणि तिच्या फुप्फुसांचा वृत्तान्त डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. पण ते नियम कारखान्याच्या चार भिंतींपुरते होते. माल एकदा फाटकाबाहेर पडला की त्याच्यावर कायद्याची नजर उरत नसे, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे हा माल अव्याहत फाटकाबाहेर पडत राहिला. निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनने १९८५ मध्ये बंदी घातली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. बंदीने नवा माल थांबला. भिंतींत आधीच जाऊन बसलेला माल बंदीला जुमानणारा नव्हता. आजही त्या देशात ॲस्बेस्टॉसजन्य रोगांनी दरसाल सुमारे पाच हजार माणसे मरतात, असे तेथील आरोग्य व सुरक्षा खाते सांगते.

या शिल्लक मालासाठी २००२ च्या नियमांनी एक नवीन कर्तव्य निर्माण केले व ते २००४ च्या मे महिन्यापासून अमलात आले. सध्या ते २०१२ च्या नियमावलीत समाविष्ट आहे. कामाच्या जागा आणि राहत्या इमारतींतील जिने, व्हरांडे, यंत्रखोल्या असे सामाईक भाग यांच्या देखभालीची जबाबदारी करारान्वये वा वहिवाटीने ज्याच्याकडे असेल, मग तो मालक असो की भाडेकरू, त्याने आपल्या मिळकतीत ॲस्बेस्टॉस कोठे आहे, किती आहे व कोणत्या स्थितीत आहे याचा तपास करावा, त्याची नोंदवही ठेवावी, आणि त्या जागी हात घालणाऱ्या प्रत्येक कारागिराला ती काम सुरू होण्यापूर्वी दाखवावी, असा हा हुकूम आहे. यातला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुंदर बांधणीची नोंदवही व्यवस्थापकाच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि वायरमन भोक पाडून मोकळा झाला असेल, तर तिची किंमत रद्दीइतकी.

आता ही पाहणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखे आहे. पाहणीदार प्रथम जुने नकाशे आणि दुरुस्त्यांचे कागद मागतो, आणि ते बहुधा सापडत नाहीत. मग तो तळघरापासून माळ्यापर्यंत खोलीमागून खोली चालतो. खोट्या छताचा तक्ता उचलून बॅटरीच्या उजेडात वर डोकावतो, नळांच्या बोगद्यात वाकतो, बॉयलरच्या मागे पाहतो. जेथे संशय येतो तेथे पृष्ठभाग साबणमिश्रित पाण्याने भिजवून नखाएवढा तुकडा काढतो, तो दुहेरी पिशवीत बंद करून क्रमांक घालतो, पडलेली खाच लगेच बुजवितो, आणि नकाशावर त्याच क्रमांकाची खूण करतो. प्रयोगशाळेत तो तुकडा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ठरावीक अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून पाहिला जातो, आणि तंतूवर उमटणाऱ्या रंगछटांवरून पांढरा, तपकिरी की निळा हे ठरते.

जी खोली उघडता आली नाही, जो माळा चढता आला नाही, त्याविषयी काय लिहायचे? येथे या शास्त्राने न्यायशास्त्राच्या नेमकी उलट भूमिका घेतली आहे. निर्दोष ठरेपर्यंत दोषी, हा येथला शिरस्ता. जेथे पाहिले नाही तेथे ॲस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरायचे, आणि नाही असे म्हणायचे असेल तर पुरावा देण्याचा भार म्हणणाऱ्यावर. न पाहिलेल्या जागेपुढे कोरा रकाना ठेवणाऱ्या पाहणीदाराइतका घातक माणूस दुसरा नाही, कारण कोरा रकाना वाचणाऱ्याला 'काही नाही' असाच वाचता येतो.

पाहणीचे प्रकार दोन. नित्याच्या वापरासाठी केलेली पाहणी इमारतीला फारशी इजा न करता होते. परंतु नूतनीकरण वा पाडकाम करायचे असेल तेव्हा तेवढ्याने भागत नाही. तो भाग रिकामा करून भिंती फोडाव्या लागतात, फरशा उखडाव्या लागतात, खांबांची वेष्टने सोलावी लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्लॅस्प नावाच्या पद्धतीने तयार सुट्या भागांच्या पुष्कळ शाळा उभारल्या गेल्या, आणि त्यांच्या पोलादी खांबांभोवती ॲस्बेस्टॉसचे तक्ते लपलेले निघाले. वरवर हिंडणाऱ्याच्या दृष्टीस ते पडणे अशक्यच होते.

सापडलेल्या प्रत्येक वस्तूला मग गुण देतात: ती कोणत्या जातीची, किती मोडलेली, रंगाने वा लेपाने झाकलेली की उघडी, आणि आत कोणता तंतू. बेरीज बारापैकी, दहा वा अधिक आली तर प्रकरण गंभीर. पण एवढ्याने निर्णय होत नाही. तोच तक्ता कुलूपबंद कोठीत असला तर निराळा आणि ज्या भिंतीवर मुले चेंडू आपटतात तेथे असला तर निराळा, म्हणून वर्दळ, दुरुस्तीची वारंवारता, माणसांची संख्या यांचेही वजन घालतात. आणि सारे करून पुष्कळ वेळा निष्कर्ष निघतो तो हा की, आहे तेथे असू द्या. सिमेंटच्या मगरमिठीत घट्ट बसलेला, न चिरफळलेला, रंगविलेला पत्रा अकारण काढू जाणे म्हणजे निजलेल्या सापाला काठीने चाळविणे होय. त्यावर लेप द्यावा, चिठ्ठी लावावी, आणि साधारणपणे वर्षातून एकदा त्याची प्रकृती पाहावी.

मऊ फवाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तो काढणे हा किती खर्चाचा व्याप आहे हे युरोपने अनुभवले. बर्लिनच्या प्रजासत्ताक प्रासादात सुमारे पाच हजार टन ॲस्बेस्टॉस फवारलेले होते. १९९० मध्ये तो बंद झाला आणि अखेर पाडला गेला. पॅरिसच्या जुसियू विद्यापीठ-परिसरातून ते काढण्याचे काम नव्वदीच्या दशकात सुरू झाले ते २०१६ मध्ये संपले. प्लॅस्टिकच्या पडद्यांनी हवाबंद केलेला तंबू, आतली हवा बाहेर न झिरपावी म्हणून ती सतत गाळून ओढणारे पंखे, तीन कप्प्यांची स्नानगृहे, आणि काम संपल्यावर त्रयस्थ तपासनिसाने चार टप्प्यांत दिलेला दाखला, एवढा सरंजाम त्यासाठी लागतो. तरीही जागच्या जागी सांभाळण्याचे धोरण कायमचे असू शकत नाही, कारण तक्ते म्हातारे होतात आणि व्यवस्थापक बदलतात. २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने बिगरनिवासी इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढून टाकण्यासाठी चाळीस वर्षांची मुदत घालावी अशी शिफारस केली. सरकारने मुदत घालण्याचे नाकारले. माझा कौल समितीकडे आहे.

आपल्याकडे प्रश्न फवाऱ्याचा कमी आणि पत्र्याचा अधिक. चाळींची छपरे, गोदामे, शाळांच्या पडव्या, बाजारांचे आडोसे यांवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेतच, आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात व त्याच्या पत्र्यांचे उत्पादन आजही कायदेशीरपणे चालू आहे. किती घरांवर हा पत्रा आहे? २०११ च्या जनगणनेत छपरांच्या तक्त्यात धातूचे पत्रे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात घातलेले आहेत, त्यामुळे त्या तक्त्यातून या प्रश्नाचे उत्तर निघूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या खटल्यात कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला, आणि तो निकाल कामगारांच्या आरोग्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानणारा म्हणून योग्यच गाजला. कामगाराचे दप्तर झाले; इमारतीचे नाही. पावसाळ्याच्या तोंडी जुना पत्रा ग्राइंडरने कापणारा, त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडणारा, चाळ पाडताना पत्रे वरूनच खाली फेकणारा मजूर हा त्या इंग्रज सुताराचाच भाऊबंद आहे, आणि ते तुकडे राडारोड्याबरोबर कोठल्या तरी भरावात जातात.

पत्रा उतरविणे भागच असेल तर तो आधी भिजवावा, हूक सोडवून वा कापून अखंड खाली घ्यावा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून इतर राडारोड्यापासून वेगळा ठेवावा; खालची धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावी, आणि नाकाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नये, कारण या तंतूला कापड अडवीत नाही. पण त्याच्याही आधीचे काम चिटणिसाचे आहे. ज्या पन्हाळी पत्र्याच्या खरेदीची पावती वा उत्पादकाचा दाखला हाती नाही, तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चालण्यास प्रयोगशाळा लागत नाही की पैसा लागत नाही. सोसायटीच्या वहीत एक पान, त्यावर इमारतीचा कच्चा नकाशा, पत्रे, टाक्या आणि नळ यांच्या खुणा, तारीख आणि सही, एवढे पुरे. ते पान प्लंबरला, केबल ओढणाऱ्याला, छपरावर सौर तक्ते बसवायला आलेल्या मंडळींना गिरमिट लावण्यापूर्वी दाखवावे, आणि पुनर्विकासाच्या करारनाम्याला त्याची एक नक्कल जोडावी.