आधी कुंपण, मग वाफा, मग कोंबडी

दाभोळात सपाट जागा थोडी आणि खोल माती त्याहून थोडी. एका अंगाला वाशिष्ठीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. बहामनी आणि आदिलशाही काळात हे कोकणातलं नावाजलेलं बंदर होतं. त्यामुळे गावाचं पोट दर्यावर भरत आलं, शेतीवर नव्हे. घरामागे असतात चार माड, एखादा फणस, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि त्यापलीकडे जांभा कातळ. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. उघडी माती पाण्याबरोबर खाडीत जाते आणि फेब्रुवारीनंतर विहिरीचा तळ दिसू लागतो.

अशा परसात भाजी आणि अंडी दोन्ही घरची हवी असतील, तर उंच वाफे आणि पाच-सहा कोंबड्या यांची जोडी उत्तम. पण बहुतेक जण हौसेने आधी पिल्लं आणतात, मग वाफे करतात आणि कोंबड्यांनी रोपं उकरून टाकली की कुंपणाच्या मागे लागतात. क्रम नेमका उलटा हवा.

कुंपण

कोंबडी दिवसभर जमीन उकरते. कोवळं माठाचं रोप तिच्या पायापुढे टिकत नाही. म्हणून भाजीच्या जागेला चारी बाजूंनी पाच फूट उंच जाळी किंवा बांबूची वई घालावी आणि बेडं असं करावं, की ते आपोआप लागेल. वई खाली थोडी मातीत पुरावी, म्हणजे मुंगूस आणि रानडुक्कर सहज शिरत नाहीत. वांदरांना मात्र कुंपण पुरत नाही. ते ज्या आळीत नेहमी येतात तिथे शेंगा आणि काकडीचा हट्ट सोडून हळद, आलं, सुरण, कारलं यांवर भर द्यावा.

वाफा

दगड रचून माती अडवणं कोकणाला नवं नाही. भातखाचराचा बांध आणि आगराचा गडगा याच विद्येवर उभे आहेत. परदेशी चित्रफितींतले लाकडी फळ्यांचे वाफे मात्र इथे करू नयेत. पाऊस आणि वाळवी मिळून दोन-तीन वर्षांत त्यांचा फडशा पाडतात. इथला साहजिक माल म्हणजे जांभ्याचा चिरा.

आतून ४ फूट रुंद आणि १० फूट लांब वाफा सोयीचा. रुंदी ४ फूट, कारण दोन्ही बाजूंनी मधल्या रोपापर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय टाकला की माती दबते. १४ इंच लांब आणि ७ इंच उंच चिरा धरला, तर दोन थरांना पन्नास-पंचावन्न चिरे लागतात. ते सिमेंटशिवाय, गडग्यासारखे कोरडेच रचावेत, म्हणजे सांध्यांतून पाणी निथळतं. दोन वाफ्यांत घमेलं घेऊन जाता येईल इतकी, दीड-दोन फुटांची वाट ठेवावी.

एवढा वाफा भरायला जवळजवळ अर्धा ब्रास माल लागतो. सगळी माती विकत घेण्याची गरज नाही. तळाला नारळाची सोडणं आणि जाड काटक्या, त्यावर अर्धवट कुजलेला पातेरा आणि वरच्या ८ इंचांत निम्मी लाल माती, निम्मं कुजलेलं शेणखत. खालचा थर कुजतो तसा वाफा बसत जातो. दरवर्षी वर भर घालावी लागते. खाडीकाठची वाळू किंवा खाजणातली माती कधीही घालू नये, तिच्यातलं मीठ रोपांना मारतं. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. थोडी चुलीतली राख किंवा शिंपल्यांचा चुरा मिसळला, की ती सुधारते.

उंच वाफा पावसात निचरा करतो, तसा उन्हाळ्यात लवकर सुकतोही. त्यामुळे शिमग्यानंतर पेंढ्याचं किंवा पातेऱ्याचं जाड आच्छादन हवंच.

पावसाळ्यात पडवळ, दोडका, काकडी मांडवावर चढवावी. पालेभाजी मुसळधार सरींनी झोडपली जाते. माठ, मुळा, वांगी, मिरची आणि वाल यांचा खरा हंगाम पाऊस सरल्यावरचा. बियाण्यासाठी लांब जायला नको. दापोलीत १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने इथल्याच हवेसाठी जाती काढल्या आहेत: काकडीची ‘शीतल’, पडवळाची ‘कोकण श्वेता’, दोडक्याची ‘कोकण हरिता’, कारल्याची ‘कोकण तारा’, माठाची ‘कोकण दुरंगी’.

कोंबडी

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, पण ती काटक असते, घार दिसताच पिल्लं पंखाखाली घेते आणि खुडूकही बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली ‘वनराज’ शंभराच्या आसपास आणि ‘ग्रामप्रिया’ दीडशेहून अधिक अंडी देते. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. दोन गावठी आणि चार सुधारित असा मेळ घातला, तर अंडीही मिळतात आणि २१ दिवसांनी पिल्लंही. पिल्लं हवी असतील तरच कोंबडा पाळावा. अंड्यांसाठी त्याची गरज नसते.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, तोंड पूर्वेला आणि पाठ पावसाळी वाऱ्याला. दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा आणि रात्री बसायला आडवी काठी पुरे. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्यावी. मोठ्या भोकांतून साप शिरतो. छप्पर बुटकं आणि तारेने घट्ट बांधलेलं असावं. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली तालुक्यात घरांचीही छपरं उडवली होती. तळाला भाताचा तूस पसरावा आणि ओला झाला की लगेच बदलावा. दमट तुसातूनच पिल्लांना रक्ती हगवण लागते.

मोठी कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर खाते. कणी, कोंडा आणि खोबऱ्याची पेंड यांनी बराच भाग भागतो, उरलेला ती चरून मिळवते. मासळीच्या गावात प्रथिनांची चिंता नाही: उकडलेली डोकी, सुकटीचा चुरा चालतो. फार दिला, तर अंड्यांना वास येतो. खारवलेली मासळी तर देऊच नये. अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. त्यासाठी तिसऱ्या आणि कालवांचे शिंपले गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. कोंबडी हवे तेवढे टिपते.

परसातली कोंबडी सर्वाधिक मरते ती राणीखेत रोगाने, आणि त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात ‘लासोटा’चा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमारास ‘आरटूबी’चं इंजेक्शन. कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, म्हणून आळीतल्या घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख ठरवावी. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. एकाएकी पक्षी मरू लागले, तर पुरून गप्प बसू नये, दवाखान्याला कळवावं.

दोघांची सांगड

खुराड्यातला तूस आणि विष्ठा थेट रोपांना घातली, तर मुळं जळतात. पातेऱ्यात मिसळून, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने कुजवलं की वाफ्याला यासारखं खत नाही. भाजी निघाली की रिकाम्या वाफ्यावर आठवडाभर कोंबड्या सोडाव्यात. त्या हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी वेचून काढतात. त्यानंतर बेडं बंद. वाफ्यात ताजी विष्ठा पडलेली असते, म्हणून पुढची लागवड वेल किंवा भेंडीची करावी. कच्चा खायचा पाला तिथे लगेच घेऊ नये.

घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल, तर कोंबड्यांचा विचारही करू नये. रोज संध्याकाळी खुराडं लावणारा माणूस लागतो. अशा चाकरमान्यांनी वाफ्यात हळद-सुरण लावून समाधान मानावं. बाकीच्यांसाठी दिवाळी हाच मुहूर्त. फराळ उरकला की वई घाला, कार्तिकात वाफे भरा, मार्गशीर्षात पिल्लं आणा. नीट जगवलीत, तर पुढच्या पावसाच्या सुमारास पहिलं अंडं घरचं असेल.