रविनगरातला रविवार

कन्हानचा पूल लागतो तसा मेमूचा आवाज बदलतो आणि डब्यातले पोट्टे एकाएकी गप्प होतात. खाली नदीत पाणी कमी, रेती जास्त. पुलापलीकडे कामठी. "इथलेच हाय बे ते," गोलकीपर खिडकीच्या गजांना नाक लावून म्हणतो. ते म्हणजे कामठीचं कॉलेज. आजची मॅच काढली तर उद्या, रविवारी सकाळी, त्यांच्याशी गाठ आहे.

विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा, नोव्हेंबरातली थंडी, आणि तुमसर रोडहून, म्हणजे देव्हाडीहून, अंधारात निघालेली आमची टीम. आमची म्हणायला मी कोण? टीमचे मॅनेजर-सर माझे जुने दोस्त, त्यांनी पाण्याचा कॅन उचलायला एक जास्तीचा माणूस म्हणून मला धरून आणलं आहे. पोरांना मी त्यांच्या जर्सीच्या आकड्यांनीच ओळखतो. बरेचसे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या वसाहतीतले, उरलेले आजूबाजूच्या धानाच्या गावांतले. कॉलेजात फुटबॉलचं मैदान नाही. पोरं शिकली ती खाणीच्या वसाहतीतल्या मैदानावर, मोठ्यांच्या पायांत घुसून. कॉलेजनं त्यांना बोनाफाईड सर्टिफिकेट आणि जर्सी दिली आहे, तीसुद्धा मागच्या वर्षीच्या टीमची.

आठ नंबर माझ्या समोर बसला आहे. मांडीवर उजवा बूट, तळवा पुढून सुटलेला. मोच्यानं एकदा शिवला होता, त्या टाक्यांच्या वरून आता तो फेविक्विकची नळी चेपतो आहे. गाडी हलली की थेंब भलतीकडे पडतो. पायमोज्यात त्यानं शिनगार्ड म्हणून वहीचे पुठ्ठे दुमडून ठेवले आहेत. एकावर अजून अर्थशास्त्राचं लेबल आहे.

ही लाईन पुढं कुठं जाते ते या पोरांना ठाऊक आहे, पण तिचं फुटबॉलशी नातं कोणी त्यांना सांगितलेलं नाही. हे रूळ जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचे. कंपनी 1887 ची. तिच्याच नावाचा बीएनआर हा संघ पुढं कोलकात्याच्या मैदानांवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालला घाम फोडायचा. 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतानं सोनं जिंकलं, त्या संघातले अरुण घोष आणि तुलसीदास बलराम बीएनआरकडून खेळले. नावात नागपूर होतं, खेळ सगळा हावड्याच्या टोकाला. मी हे सांगायला तोंड उघडतो, तोवर इतवारी येते आणि पोरं बॅगा घेऊन धावतात.

रविनगरच्या विद्यापीठाच्या मैदानावर खेळाआधी कागद. झाडाखाली टेबल, टेबलावर दगड, दगडाखाली फॉर्म. दहावी-बारावीच्या मार्कशीटा, आयकार्ड, आधार, प्राचार्यांची सही. खेळाडू पंचवीसच्या आतला हवा, यंदाच्या प्रवेशाचा हवा. तीन नंबरच्या फॉर्मवर फोटोवरचा शिक्का अर्धा उमटला आहे. टेबलापलीकडचे गृहस्थ फोटोकडे पाहतात, पोराकडे पाहतात, परत फोटोकडे. "दाढी आता आली जी," तीन नंबर कळवळून सांगतो. चालतं.

शनिवारच्या मॅचबद्दल सांगण्यासारखं फार नाही. समोरचं शहरातलं कॉलेज कोरी किट आणि नऊच खेळाडू घेऊन आलं आहे. दोघांचा कुठलासा पेपर, दोघं फोन उचलून नाही राहिले. आमची पोरं तीन गोल करतात आणि मग दयेनं चेंडू आपापसातच फिरवत बसतात. बघायला कोण? राखीव खेळाडू, दोन्हीकडचे सर, कंपाउंडच्या कडेनं चालायला आलेले दोघं-तिघं पेन्शनर आणि एक कुत्रं. ज्या कॉलेजच्या नावानं हे पळताहेत, त्या कॉलेजातलं एकही पोरगं-पोरगी इथं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात त्यांच्याकडचा तो वेगळा फुटबॉल बघायला लाखावर माणूस शनिवारी जमतो. आमच्याकडं कॉलेजला खेळ हवा असतो तो वार्षिक अंकातल्या फोटोपुरता. फोटोत प्राचार्य मधोमध खुर्चीवर, पोरं मागं उभी.

मुक्काम एका वसतिगृहाच्या हॉलमध्ये, सतरंज्यांवर. संध्याकाळी पोरांना दोन गोष्टी हव्यात: मेट्रोत बसायचं आणि सावजी खायचं. पहिली मंजूर होते. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर, जिथं दोन्ही लाईनी मिळतात, तिथं पोरं सरकत्या जिन्यावर कारण नसताना दोनदा वर-खाली करतात, आणि नऊ नंबर काचेला कपाळ टेकवून बर्डीचे दिवे बघतो. सावजीला मात्र सर ठाम नकार देतात. "उद्या कामठीवाले पळवतील, आणि तुम्ही पोट धरून बसाल." वरण-भात, आलू-वांग्याची भाजी. "बाप्पा, नागपुरात येऊन वरण-भात," कॅप्टन ताटाकडे बघत म्हणतो.

जेवताना विषय 'झुंड'वर जातो, जाणारच. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा 2022 च्या मार्चमध्ये आला तेव्हा ही पोरं शाळेत होती. अमिताभ बच्चनची भूमिका ज्यांच्यावर बेतली आहे ते विजय बारसे इथल्याच हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. 2001 साली पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पुढं 'स्लम सॉकर' म्हणून 2016 मध्ये फिफाच्या डायव्हर्सिटी पुरस्कारापर्यंत पोहोचला. "म्हणजे सर कॉलेजचे होते, पण खेळणारे कॉलेजचे नव्हते," गोलकीपर सगळा हिशेब एका घासात मांडतो. मला यात आणखी काही घालावंसं वाटत नाही.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर पोहोचतो आणि कंपाउंडपाशी मोटारसायकलींची रांग लागलेली आहे. कामठी आली आहे. मफलर गुंडाळलेले चाचा, स्वेटरवर जाकीट चढवलेले बाप, शाळकरी पोरं, एकाच्या हातात थर्मास. कामठी ही 1821 ची इंग्रजांची छावणी, नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या लीगमध्ये अदबीनं घेतलं जातं. आमच्या बाजूला येऊन बसलेले एक पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणतात की पलटणी गेल्या, चेंडू राहिला. मी विचारतो, तुम्ही या कॉलेजचे माजी विद्यार्थी का? चाचा हसतात. "कॉलेज-वॉलेज कुछ नहीं साहब. वो छे नंबर दिख रा ना? अपने मोहल्ले का लड़का है." एका सहा नंबरासाठी अख्खी गल्ली थंडीत उठून आली आहे.

रेफरी पोरांच्या नडग्यांवर शिनगार्ड आहेत का ते बोटानं ठोकून बघतो. आठ नंबरच्या पायावरून पुठ्ठ्याचा आवाज येतो. रेफरी त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि पुढं सरकतो.

शिटी. पहिली दहा मिनिटं आमच्या पोरांना चेंडू दिसतो, पण मिळत नाही. कामठीची पोरं जमिनीला धरून खेळतात, छोटे छोटे पास, एक इकडं, एक तिकडं. बाहेरून सतत सूचना: "बाजू दे, बाजू दे!", "अकेला है, घुमा!" त्यांचा कोच बोलत नाही, त्याची गरजच नाही, मोहल्लाच कोच आहे. आमच्या बाजूनं एकटे सर ओरडताहेत, त्यांचा आवाज थंडीनं बसला आहे. विसाव्या मिनिटाला कॉर्नर, गर्दीतून सहा नंबर उंच उठतो आणि डोक्यानं चेंडू खाली दाबतो. गोलकीपर आडवा पडतो तेव्हा चेंडू आत गेलेला आहे. चाचा टाळी वाजवतात, पण एकच, मग माझ्याकडे वळून सौजन्यानं म्हणतात, "तुम्हारा कीपर अच्छा है, डिफेंस देख रा नई."

हाफ टाइमला मी कॅन उघडतो. पोरं पाणी कमी पितात, डोक्यावर जास्त ओततात. सर बोट पाण्यात बुडवून सिमेंटच्या कट्ट्यावर काहीतरी आखतात. आखलेलं वाळायच्या आत पोरं परत मैदानात.

दुसऱ्या हाफमध्ये खाणीवाले जागे होतात. पास वगैरे सोडून देतात आणि घरच्या मैदानावर खेळतात तसं खेळायला लागतात, लांब चेंडू, खांद्याला खांदा, धूळ. आणि ऐन भरात, समोरच्या बॅकला वळसा घालताना आठ नंबरच्या बुटाचा तळवा बोटांपासून टाचेपर्यंत सुटतो. तो तसाच दोन पावलं फटफट पळतो. मग बाहेर येतो, बूट काढतो, अनवाणी जाऊ का म्हणून सरांना विचारतो. रेफरी नाही म्हणतो. राखीव पोरांपैकी एकाचा बूट लहान, एकाचा इतका मोठा की आतून पाय फिरतो.

चाचा हे सगळं बघत असतात. ते मागं वळून एका पोराला काहीतरी म्हणतात, पोरगं मोटारसायकलकडे पळतं आणि पिशवीतून बुटांची जोडी घेऊन येतं. "नौ नंबर. चलेगा क्या?" आठ नंबर सरांकडे बघतो. सर चाचांकडे. समोरच्या पार्टीचा बूट घ्यायचा की नाही याचा कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही. आठ नंबर लेस बांधतो आणि आत जातो.

शेवटची काही मिनिटं उरली असताना डावीकडून फ्री किक मिळते. आठ नंबर चेंडू ठेवतो, दोन पावलं मागं येतो, बुटाचं टोक एकदा जमिनीवर आपटून बघतो. चेंडू वाकडा होत दुसऱ्या पोलकडे जातो आणि आमचा पाच नंबर, जो अख्ख्या मॅचमध्ये मधल्या रेषेच्या पुढं आलेला नाही, कुठून तरी येऊन त्याला कपाळ लावतो. एक-एक. सर मला मिठी मारतात, कॅन आडवा होतो. कामठीची रांग क्षणभर सुन्न, मग कुणीतरी चाचांच्या पाठीत थाप मारतो: "चाचा, जूता दे के गोल खाया!" सगळी रांग हसते. चाचा सगळ्यांत मोठ्यानं.

टायब्रेकर. दोन्हीकडची पोरं खांद्यात हात घालून रेषेवर उभी. कामठीचा पहिला आत, आमचाही आत. त्यांची तिसरी किक आमचा गोलकीपर उजवीकडे झेप घेऊन अडवतो आणि आमची तुटपुंजी बाजू बेभान होते. मग आमचा सात नंबर धावत येतो आणि चेंडू बारच्या वरून कंपाउंडबाहेर अमरावती रोडकडे मारतो. चेंडू परत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ सात नंबर कमरेवर हात ठेवून तिथंच. त्यांचा पाचवा आत, आमचा पाचवा पोलला. चार-तीन. कामठी पुढं.

पोरं मैदानात बसून राहतात. सहा नंबर एकेकाला हात देऊन उठवतो. आठ नंबर बूट काढून, तळवे एकमेकांवर झटकून, माती पाडून चाचांना परत करायला येतो. चाचा बुटांकडे बघतात, त्याच्या पायांकडे बघतात. "रख ले," म्हणतात. आठ नंबर नको-नको म्हणतो, चाचा ऐकत नाहीत. मोटारसायकली सुरू व्हायला लागल्या आहेत.

टेबलापाशी मात्र वेगळंच चाललं आहे. निवड समितीतले दोघं सरांना बाजूला घेतात. विद्यापीठाच्या संघासाठी उद्या सकाळी चाचणी, आमचे दोघं हवेत: गोलकीपर आणि आठ नंबर. संघात आलं तर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं. परत आल्यावर विद्यापीठाचा कलर हा मान, आणि ज्याच्याकडे कलर तो पुढं पोलीस भरतीतही छाती काढून उभा राहतो, असं निदान सर म्हणतात. त्यांचा बसलेला आवाज एकदम उघडला आहे. दोघांची आज रात्रीची सोय कुठं करायची, टीए-डीए दोन दिवसांचाच मंजूर आहे, तो तिसऱ्या दिवसाला कसा ताणायचा, याची जुळवाजुळव ते लगेच बोटांवर करतात. बाकीची टीम संध्याकाळच्या गाडीनं परत. वाटेत सावजी खायला आता कुणाची हरकत नाही, आणि ज्यांना थांबायचं त्या दोघांना मात्र आजही वरण-भात. गोलकीपर घरी फोन करून मोकळाही झाला. त्याची आई फक्त जेवणाचं विचारते.

आठ नंबर बराच वेळ मोबाइल हातात धरून उभा आहे. मग लावतो. स्पीकर चालू राहिला आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"बाबा, मी आज येऊन नाही राहिलो."

"काहून? जितले का?"

"नाही जी. टायब्रेकरवर गेली."

"हारले तं घरी ये ना मंग. हारल्यावर थांबून का करतेस?"

"उद्या निवड हाय. विद्यापीठाची."

"उद्या मळणीची मशीन येते ना रे. मी एकटा का का पाहू?"

आठ नंबर माझ्याकडे बघतो, सरांकडे बघतो आणि फोन सरांच्या हातात देतो. "तुमीच सांगा जी." सर घसा खाकरतात, नमस्कार भाऊ म्हणतात, आणि विद्यापीठाचा विषय न काढता आधी विचारतात, मशीन किती वाजता येते?