वॉशर वीस रुपयांचा, प्लंबर पाचशेचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' जमतील तेवढे गाळलेत.

वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमच्या बेसिनखालच्या अँगल कॉकमागून पाणी झिरपायला लागलं. थेंब थेंब. करारात लिहिलं होतं, "किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करेल." प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, नुसतं बघायला यायचे ३०० आणि कामाचे वेगळे. मी आणि रूममेटने खाली मग ठेवला आणि तीन महिने काढले. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. टाइल्स फोडणं, पाइपचा जॉइंट, गवंडी, खालचं रंगकाम, सगळं मिळून १४ हजार. घर सोडताना ते आमच्या डिपॉझिटमधून कापले गेले.

तेव्हा मी प्लंबरलाच लुटारू ठरवलं होतं. नंतर एकदा एका प्लंबरदादांशी चहावर निवांत बोललो आणि गणित कळलं. काम दहा मिनिटांचं असतं, पण तिथे पोचायला अर्धा तास, गेटवर नोंद, मग नळ उघडल्यावर कळतं की पार्ट वेगळाच लागतोय, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात चक्कर. त्यात सोसायटीची पाण्याची लाइन बंद करणारा वॉचमन जेवायला गेलेला! दिवसात चार-पाच घरं झाली तरी खूप. पेट्रोल आणि हत्यारं त्याची, आणि काम नसलेल्या दिवसाचा पगार कोणी देत नाही. आपण वॉशरची किंमत बघतो, तो दीड तासाची सांगतो.

हे मान्य केलं तरी प्रश्न उरतोच: ते ५०० कोणी द्यायचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. भारी वाटतं ना? पण हे 'भाडेकरू'साठी आहे. आपण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत लायसन्सी. त्यामुळे या कलमावर विसंबून भाडं कापायला जाऊ नका. आपल्यासाठी करारात जे लिहिलंय तेच महत्त्वाचं. (करार लेखी आणि नोंदणीकृत असावा ही जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकलीय.)

आणि त्या करारातली 'किरकोळ' ही एका शब्दाची अट मला सगळ्यात घातक वाटते. गळती छोटी असते तोवर खर्च माझा, मोठी झाली की मालकाचा. मग मी फोन कशाला करू? मालकाला थेंब दिसत नाही, मला दिसतो पण मी गप्प. ओल मात्र वाढत राहते. कोडमधला बग लपवून ठेवावा असं बक्षीस आपणच लावून ठेवलंय.

नव्या घराच्या वेळी मी एजंटला दोन ओळी घालायला लावल्या. भिंतीतल्या आणि फरशीखालच्या पाइपचं, वायरिंगचं काहीही असो, खर्च मालकाचा. नळ, जेट स्प्रे, बल्ब असं बाहेरचं आमचं. आणि गळती दिसल्यापासून दोन दिवसांत फोटोसकट व्हॉट्सअॅप केलं, तर पुढच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. एजंट वैतागला, "एवढं कोणी लिहीत नाही हो." मालकीणबाईंनी मात्र वाचून लगेच सही केली. वर म्हणाल्या, आधीच्या मुलांनी सहा महिने सांगितलंच नव्हतं, बेडरूमची भिंत गेली.

गेल्या महिन्यात गीझरच्या जॉइंटला थेंब दिसला. फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा प्लंबर आला, ६०० घेतले, त्यांनीच दिले.