व्हायोला : वाद्याचे माप आणि वादकाचे शरीर

व्हायोलिनहून थोडे मोठे व पंचमाच्या अंतराने खाली जुळविलेले वाद्य, अशी व्हायोलाची ओळख सामान्यतः करून दिली जाते. या ओळखीतील ‘थोडे मोठे’ हे शब्दच व्हायोलावादकाच्या बहुतेक शारीरिक अडचणींचे मूळ होत. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हे वाद्य हवे तेवढे मोठे नाही आणि मानवी शरीराच्या दृष्टीने ते हवे तेवढे लहान नाही. वाद्य कोठे टेकवावे, कोणत्या कोनात धरावे व त्याची जुळणी कशी करावी, हे प्रश्न या दुहेरी अडचणीतून उद्भवतात.

प्रथम ध्वनीची बाजू पाहू. व्हायोलिनची पेटी सुमारे ३५.५ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यातील हवेचे व लाकडाचे मुख्य अनुस्पंदन मधल्या दोन मोकळ्या तारांच्या स्वरांजवळ पडते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदास १९६, तर व्हायोलाच्या खालच्या तारेची सुमारे १३१ असतात. हेच ३ : २ प्रमाण पेटीस लावले, तर व्हायोलाची पेटी सुमारे ५३ सेंटिमीटर लांब असावयास हवी. एवढे वाद्य हनुवटीखाली धरून वाजविणे शक्य नाही. प्रत्यक्षात व्हायोलाची पेटी बहुधा ३८ ते ४३ सेंटिमीटरांची असते. त्यामुळे तिची अनुस्पंदने तारांच्या मानाने तीन-चार अर्धस्वर वर सरकतात व खालच्या तारेचा नाद काहीसा दबलेला येतो. अमेरिकन संशोधिका कार्लीन हचिन्स यांनी १९६२ साली ही गोष्ट विशद केली. पुढे त्यांनी पूर्ण मापाचा व्हायोला तयार करून तो चेलोप्रमाणे उभा धरून वाजविण्याची सोय केली.

कारागिरांपुढे हा पेच फार पूर्वीपासून होता. स्ट्राडिव्हारीने १६९० साली मेदिची दरबारासाठी दोन व्हायोला केले. त्यांपैकी एकाची पेटी सुमारे ४१ व दुसऱ्याची सुमारे ४८ सेंटिमीटरांची आहे. या मोठ्या जातीचे अनेक जुने व्हायोला पुढील काळात कापून लहान करण्यात आले. एकोणिसाव्या शतकात हेर्मान रिटर यांनी पुन्हा ४८ सेंटिमीटरांचा व्हायोला प्रचारात आणून पाहिला, पण तो टिकला नाही. विसाव्या शतकात लायनेल टर्टिस यांनी सुमारे ४२.५ सेंटिमीटरांचा नमुना सुचविला. व्हायोलिनला एक निश्चित माप लाभले. व्हायोलाला ते आजही नाही. प्रत्येक वादकास आपले माप स्वतःच निवडावे लागते.

ही निवड केवळ आवडीनिवडीची नव्हे, हे साध्या गणिताने दिसून येते. व्हायोलिनच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३२.५ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या जागेवर तर्जनीपासून करंगळीपर्यंतचे शुद्ध मध्यमाचे अंतर सुमारे ७.३ सेंटिमीटर भरते. ३७.५ सेंटिमीटरांच्या व्हायोलाच्या तारेवर तेच अंतर ८.४ सेंटिमीटर होते. शिवाय व्हायोलिन साधारणतः अर्धा किलोग्रॅमहून हलके, तर व्हायोला ६०० ते ७०० ग्रॅमांचा असतो आणि त्याचा भार शरीरापासून अधिक दूर पडतो. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या २,२१२ वादकांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७६ टक्के वादकांनी वादनात व्यत्यय आणणारा किमान एक विकार नोंदविला होता. अशा व्यवसायात सेंटिमीटरभर अधिक ताणाचा हिशेब वर्षानुवर्षे द्यावा लागतो.

सुखकर आसनाचे सूत्र असे की, वाद्याचा भार हाडांच्या सांगाड्याने पेलावा. स्नायू हालचालीसाठी मोकळे असावेत. वाद्य गळ्याखालच्या आडव्या हाडावर टेकते. वरून मस्तकाचा नैसर्गिक भार पुरेसा असतो. जबड्याने वाद्य आवळून धरण्याची किंवा डावा खांदा उचलण्याची गरज पडू नये. तशी गरज पडत असेल, तर दोष बहुधा वादकाच्या सवयीत नसून जुळणीत असतो. वाद्य व जबडा यांमधील पोकळी हनुवटीच्या टेकूने आणि वाद्य व खांदा यांमधील पोकळी खांद्याच्या टेकूने भरून काढावयाची असते. लांब मानेच्या वादकाने केवळ खांद्याचा टेकू वाढवीत नेला, तर वाद्य हाडापासून सुटते व उजवा हात अकारण उंच उचलावा लागतो; त्याऐवजी हनुवटीचा टेकू उंच करणे हितावह ठरते.

दिशेचाही विचार करावा लागतो. वाद्य फार डावीकडे नेले, तर गजाचे टोक गाठण्यास उजवा हात ताणावा लागतो; फार समोर आणले, तर डावे कोपर आत पिळावे लागते. वाद्य वरच्या तारेकडे किंचित कलते ठेवल्यास जाड तार बोटांच्या व गजाच्या आवाक्यात येते. मात्र कल अधिक झाल्यास वरच्या तारेवर गज स्थिर राहत नाही आणि वाद्य घसरू लागते.

तारांची उंचीही याच जुळणीचा भाग होय. घोडी उंच असल्यास प्रत्येक स्वर दाबण्यास अधिक बळ खर्ची पडते. ती योग्य प्रमाणात उतरविणे हे कुशल कारागिराचे काम आहे. टंगस्टनने गुंडाळलेल्या तारांमुळे आखूड व्हायोलातही खालच्या तारेस भरीव नाद देता येतो. म्हणून लहान चणीच्या विद्यार्थ्याने नादासाठी मोठ्या पेटीचा हट्ट धरण्याचे कारण पूर्वीइतके सबळ उरलेले नाही.

भारतीय पद्धतीशी येथे तुलना उद्बोधक ठरेल. मांडी घालून बसलेला कर्नाटक संगीतातील वादक व्हायोलिनचा माथा पावलावर व दुसरे टोक छाती-खांद्याशी टेकवितो. बालमुरलीकृष्ण हे व्हायोलाही वाजवीत असत. या बैठकीत वाद्यास दोन टेकू मिळतात, भार डाव्या हातावर येत नाही आणि तो हात गमक व मींड यांसाठी तारेवर मोकळा सरकतो. उभ्याने वाजविणाऱ्या पाश्चात्त्य वादकास दुसरा टेकू नाही. त्याची उणीव त्याला जुळणीनेच भरून काढावी लागते.

म्हणून शिक्षणक्रमात वाद्याच्या मापाची निवड सरावाच्या आधी यावयास हवी. वादकाने डावा हात क्षणभर सोडला असता वाद्य न आवळता जागी राहते काय, करंगळी मनगट न मुरडता खालच्या तारेवर पोहोचते काय आणि गज टोकापर्यंत नेताना खांदा पुढे ओढला जातो काय, या तीन कसोट्या कोणत्याही वर्गात घेता येतील. त्यांत न उतरणारे वाद्य नादाने कितीही संपन्न असले, तरी त्या वादकाच्या मापाचे नव्हे.