विश्लेषण : अ‍ॅलिगेटरला पुन्हा पुन्हा दात येतात तरी कसे?

माणसाला दात दोनदाच येतात. आधी २० दुधाचे, मग ३२ कायमचे. त्यानंतर पडलेला दात परत येत नाही. उरते ती कवळी किंवा खर्चीक इम्प्लांट. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत राहणाऱ्या अ‍ॅलिगेटरच्या जबड्यात मात्र एकाच जागी आयुष्यभरात सुमारे ५० वेळा नवा दात येऊ शकतो. म्हणूनच त्याच्या पिल्लांच्या जबड्यांकडे दंतसंशोधकांचे लक्ष आहे.

अ‍ॅलिगेटर म्हणजे मगरच का?

नाही. सांगलीत कृष्णाकाठी दिसणारी मगर वेगळ्या कुळातली. तोंड मिटल्यावर मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटरचा वरचा जबडा रुंद असल्याने त्याचे खालचे दात झाकले जातात. दात बदलण्याची रीत मात्र दोघांचीही सारखीच.

दातांची सुरुवात कधी होते?

अंड्यातच. अंडी सुमारे ६५ दिवस उबतात. वेस्टरगार्ड आणि फर्ग्युसन या संशोधकांनी १९८० च्या दशकात गर्भाचे जबडे टप्प्याटप्प्याने तपासले. अगदी सुरुवातीचे दात जबड्याच्या पृष्ठभागावर इवल्या उंचवट्यांसारखे उगवतात आणि त्यांतले अनेक कधी वापरातच येत नाहीत. विरघळतात किंवा गळतात. खरे कामाचे दात हिरडीच्या आत उतरलेल्या पेशींच्या एका पट्टीतून तयार होतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याचे तोंड सुईसारख्या दातांनी भरलेले असते. अंडे फोडण्यासाठी नाकाच्या टोकावर असतो तो ‘दात’ मात्र नावापुरताच. तो त्वचेचा कडक झालेला कोंब असतो आणि लवकरच नाहीसा होतो.

दात बदलावे का लागतात?

दाताचा माथा एकदा तयार झाला की तो मोठा होत नाही. जबडा मात्र वाढत राहतो. वीतभर पिल्लाचा पुढे तीन मीटरहून लांब नर होतो, पण दातांची संख्या ८० च्या आसपासच राहते. त्यामुळे त्याच जागांवर आधीपेक्षा मोठा दात बसवावा लागतो. आहारही बदलतो. पिल्लू किडे, गोगलगायी, छोटे मासे खाते. मोठा अ‍ॅलिगेटर कासवाचे कवच फोडतो. त्यासाठी मागचे दात बोथट, जाड होतात. एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत सर्वात लहान प्राण्याच्या चाव्याचा जोर जेमतेम सव्वा किलो वजनाइतका होता, तर सर्वात मोठ्याचा ९०० किलोंहून अधिक. इतका मार खाऊन दात टिकणार तरी किती?

नवा दात कुठून येतो?

कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१३ मध्ये याचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट केले. दाताच्या प्रत्येक जागी तिघे असतात : वापरातला दात, त्याच्या बुडाशी वाढणारा बदली दात आणि पेशींची पट्टी. पट्टीच्या टोकाच्या फुगवट्यात मूलपेशींसारख्या पेशी निपचित असतात. बदली दात जिभेच्या बाजूने जुन्या दाताच्या पोकळीत शिरतो, त्याचे मूळ झिजवतो आणि चहाच्या टपरीवर कागदी कप एकात एक असावेत तसा आत वाढतो. मग जुन्याचा माथा गळून पडतो आणि पट्टीतल्या पेशी पुढच्या दाताच्या तयारीला लागतात. दात साधारण वर्षभरात बदलतो. पिल्लांमध्ये हा वेग अधिक, म्हातारपणी मंद.

माणसाला याचा उपयोग काय?

अ‍ॅलिगेटरचे दात आपल्यासारखेच हाडातल्या खोबणीत तंतूंनी धरलेले असतात. मासे किंवा सरड्यांपेक्षा ही तुलना त्यामुळे जवळची ठरते. अशी पट्टी माणसातही असते, पण कायमच्या दातांची पायाभरणी झाली की ती तुटून जाते आणि तिचे अवशेषच उरतात. काही जणांना जादा दात येतात, त्यावरून ही क्षमता पूर्ण पुसली गेलेली नसावी असे वाटते. जपानमध्ये क्योटो येथे दात उगवण्यासाठीच्या औषधाची मानवी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. ती वाट वेगळी आहे : दाताची वाढ अडवणाऱ्या एका प्रथिनाला हे औषध रोखते. अ‍ॅलिगेटरसारखी पट्टी माणसात पुन्हा जागी करणारा उपचार अद्याप हाती आलेला नाही.