शाळांचे कारभारी आणि मतांचा हिशेब

लोकांच्या पैशाने शाळा चालवावयाच्या, तर त्यांचे कारभारीही लोकांनीच निवडले पाहिजेत, हे तत्त्व आज कोणासही सहज पटते. परंतु ते अमलात आणावयाचे म्हटले, की मतदार कोण, उमेदवार कोण, प्रत्येकाच्या हाती मते किती आणि ती कशी टाकण्याची मुभा, असे रूक्ष वाटणारे प्रश्न पुढे येतात, आणि मंडळावर अखेर कोण बसणार याचा निकाल पुष्कळदा त्यांच्या उत्तरांतच दडलेला असतो. इंग्लंडात १८७० साली स्कूल बोर्डांच्या ज्या पहिल्या निवडणुका झाल्या, त्यांच्याइतके या गोष्टीचे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या देशात तोवर गोरगरिबांच्या मुलांचे शिक्षण बव्हंशी धर्मसंस्थांच्या हाती होते. फॉर्स्टर यांनी पार्लमेंटात मांडलेल्या आणि ऑगस्ट १८७० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने अशी तजवीज केली, की जेथे शाळा अपुऱ्या पडतात तेथे करदात्यांनी निवडलेले मंडळ स्थापन व्हावे, आणि त्याने स्थानिक पट्टीच्या उत्पन्नातून शाळा बांधाव्यात व चालवाव्यात. मात्र पट्टी सर्वांकडून वसूल होणार, आणि भरणारे तर नाना पंथांचे! प्रस्थापित आंग्ल चर्चचे अनुयायी, त्या चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात धर्मशिक्षणावरून विस्तव जात नव्हता. मंडळाच्या शाळांतून कोणत्याही एका पंथाची खास प्रश्नोत्तरी शिकवू नये, असा निर्बंध कायद्याच्या १४व्या कलमाने घातला खरा. पण बायबल शिकवावे की नाही, याचा निर्णय मंडळाकडेच राहिल्यामुळे तेथे आपला माणूस असावा, अशी प्रत्येक पंथाची धडपड असणे स्वाभाविक होते.

या पेचातून वाट काढण्यासाठी योजलेली युक्ती म्हणजे संचयी मतदान. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदारास मिळावीत, आणि ती त्याने वाटून द्यावीत किंवा सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत, एवढाच तिचा सारांश. वरकरणी साध्या दिसणाऱ्या या सवलतीचा परिणाम मात्र दूरगामी होता. कारण जो गट संख्येने लहान असूनही एकजुटीने मतदान करील, त्याचा एखादा तरी प्रतिनिधी निवडून येण्याची त्यामुळे जवळजवळ शाश्वतीच झाली. सात जागांच्या मतदारसंघात एकूण मतांच्या अष्टमांशाहून थोडी अधिक मते एका उमेदवाराच्या पदरात पडली, की त्याला कोणीही पाडू शकत नाही.

लंडनची निवडणूक २९ नोव्हेंबर १८७० रोजी झाली. त्या अवाढव्य शहराचे १० विभाग पाडून ४९ जागा त्यांत वाटण्यात आल्या होत्या. सर्वांत मोठ्या मॅरिलबोनला ७ जागा, तर जुन्या ‘सिटी’च्या वाट्याला ४. मताधिकार करदात्यांना होता, आणि त्यांत स्वतःच्या नावे पट्टी भरणाऱ्या स्त्रियाही येत; उमेदवारीला तर स्त्री-पुरुष हा भेद लागूच नव्हता. मंडळाची मुदत तीन वर्षांची, आणि ती संपताच सर्वच सभासदांनी पायउतार होऊन नव्याने कौल घ्यावयाचा. पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदाराला आपले मत चारचौघांसमक्ष उघड सांगावे लागण्याची रूढी १८७२ पर्यंत चालूच राहिली. लंडनच्या स्कूल बोर्डासाठी मात्र, ‘सिटी’चा अपवाद सोडल्यास, दोन वर्षे आधीच गुप्त मतपत्रिका वापरली गेली.

मॅरिलबोनच्या मतदाराने उमेदवारांच्या नावांसमोर आकडे घालावयाचे होते. एकाला सात द्या, दोघांत चार-तीन अशी वाटणी करा, नाही तर सात जणांना एकेक द्या. बेरीज तेवढी सातांवर जाता कामा नये. अर्थात मोजणीच्या वेळी केवळ मतपत्रिका मोजून भागत नसे, प्रत्येक पत्रिकेवरील आकड्यांची बेरीज करावी लागे. या विभागात १८६५ साली वैद्यकीचा परवाना मिळविलेल्या एलिझाबेथ गॅरेट यांना ४७,८५८ मते पडली, तर दुसऱ्या क्रमांकावरील विख्यात शास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली यांना १३,४९४. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस, तर फिन्सबरीतून बेंजामिन लुक्राफ्ट नावाचा सुतारकाम करणारा कारागीर निवडून आला. ज्या काळी स्त्रीला पार्लमेंटच्या निवडणुकीत साधे मतही नव्हते, त्या काळी दोन स्त्रिया आणि एक कामकरी राजधानीच्या शिक्षणाचा कारभार पाहू लागले, आणि त्या मंडळाचे अध्यक्षपद मिळाले नुकतेच हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपदावरून परतलेल्या लॉर्ड लॉरेन्स यांना!

परंतु गॅरेटबाईंचा हा दणदणीत विजयच या पद्धतीतील उणीवही दाखवून देतो. दुसऱ्या क्रमांकाला साडेतेरा हजार मते पुरली, तेव्हा त्यांना पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक वायाच गेली म्हणावयाची. आपल्या समविचारी दुसऱ्या उमेदवाराकडे ती वळविण्याची सोय या पद्धतीत नव्हती. म्हणून आपली ताकद किती आणि त्या मानाने उमेदवार किती उभे करावेत, हा अंदाज अचूक बांधणे प्रत्येक पक्षाला भाग पडले. बर्मिंगहॅमच्या लिबरल पक्षाचा हा अंदाज साफ चुकला. तेथे जागा १५. शहरात आपलेच प्राबल्य आहे या भरवशावर पक्षाने १५ उमेदवार उभे केले. चर्चपक्षाने केवळ ८ उभे केले आणि ते आठही निवडून आले. एक जागा कॅथलिकांनी पटकावली आणि लिबरलांच्या हाती उरल्या सहा. गणित पाहावे तर उघड आहे. निम्मी मते असलेला पक्ष ती आठांत वाटतो तेव्हा प्रत्येकाला एकूण मतांचा सोळावा हिस्सा मिळतो. तीच पंधरांत वाटली तर तिसावा. या ठेचेने शहाणे होऊन १८७३ साली त्याच पक्षाने आठच उमेदवार उभे केले, कोणत्या वस्तीतील मतदाराने कोणाला किती मते द्यावीत याची शिस्त घालून दिली, आणि मंडळावर बहुमत मिळविले. अल्पसंख्याकांच्या रक्षणार्थ आणलेल्या पद्धतीने पक्षसंघटनेच्या यंत्रालाही अशी धार आणली.

पुढे १८८८ साली ॲनी बेझंट याही टॉवर हॅम्लेट्समधून लंडनच्या मंडळावर निवडून आल्या. १९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डांचा कारभार स्थानिक कौन्सिलांकडे सोपविण्याचे ठरले. लंडनचे मंडळ १९०४ साली विसर्जित झाले, आणि त्याबरोबर संचयी मतदानही तेथील शाळांच्या कारभारातून गेले.

मात्र ही कल्पना आपल्याकडे येऊन पोहोचली होती. १९३२ च्या पुणे करारान्वये अस्पृश्य वर्गासाठी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठरल्या, तेव्हा मतदाराने आपली मते वेगवेगळ्या उमेदवारांना एकेक अशीच द्यावीत, की एकाला सगळी देण्याची त्याला मुभा असावी, हा वाद उपस्थित झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह संचयी पद्धतीसाठी होता; कारण मते सक्तीने विभागली, तर राखीव जागेवर कोण बसणार हे बहुसंख्य मतदारच ठरवतील, आणि ज्यांच्यासाठी ती जागा राखली त्यांच्या पसंतीला किंमत उरणार नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते. मुंबई प्रांताने हीच पद्धत स्वीकारली, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतः मुंबई शहरातून विधानसभेवर निवडून आले. शाळांच्या कारभाऱ्यांसाठी इंग्लंडात योजलेली तरतूद अशा रीतीने येथील सामाजिक हक्काच्या लढ्यात उपयोगी पडली.

मताधिकार मिळाला म्हणजे प्रतिनिधित्व मिळाले, असे आपण सहज गृहीत धरतो. वास्तविक हक्क आणि प्रतिनिधित्व यांच्यामध्ये मतमोजणीचा नियम उभा असतो, आणि तो कारकुनी तपशील म्हणून दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होणारा नागरिक आपल्या मताचे मोल ठरविण्याचा अधिकारही त्यांच्याच हवाली करत असतो.