दोन घड्याळांची भेट

बंगळूर शहराच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस १८९२ मध्ये एक नवी वस्ती आखण्यात आली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावावरून तिला चामराजपेट हे नाव मिळाले. या पेठेत एखाद्याने अंगणात सरळ काठी रोवून तिची सावली वर्षभर पाहिली, तर त्याला एक गोष्ट आढळून येईल. काठीची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा, म्हणजे खऱ्या मध्यान्ही, भिंतीवरील घड्याळात बारा वाजलेले नसतात. सरासरीने पाहता बारा वाजून वीस मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यास हा क्षण १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून ३ मिनिटांच्या सुमारास.

घड्याळ चुकीचे नसते आणि सूर्यही चुकत नाही. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविली आहे आणि चामराजपेट त्याच्या सुमारे पाच अंश पश्चिमेस आहे. म्हणून वीस मिनिटांचे अंतर पडते. फेब्रुवारी व नोव्हेंबरमधील फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलण्यामुळे पडतो. मुंबई आणखी पश्चिमेस असल्यामुळे तेथे हे अंतर जवळजवळ ३९ मिनिटांचे होते. तात्पर्य, आपण ज्याला ‘बारा वाजले’ म्हणतो तो सूर्याने दिलेला निर्णय नाही, तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे. करार म्हटला की तो बदलता येतो, आणि एका बाजूने तो बदलला की दुसऱ्या बाजूची पंचाईत होते.

अशी पंचाईत मुंबईकरांनी तीन पिढ्या अनुभवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर लोहमार्ग पसरले, तेव्हा गावोगावची स्थानिक वेळ रेल्वेच्या कामी येईना. मग मद्रासची वेळ ही रेल्वेची वेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे होती. साहजिकच, वेळापत्रकात सहाला सुटणारी गाडी पकडू इच्छिणाऱ्या मुंबईकराला आपल्या घड्याळात साडेपाच वाजताच फलाटावर हजर असावे लागे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या राजवटीत मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू करण्यात आली. नागरिकांनी ती स्वीकारली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास ही प्रमाण वेळ अमलात आली. पुन्हा मुंबईत असंतोष उसळला. त्याच महिन्यात गिरण्यांतील हजारो कामगारांनी माग बंद ठेवले व गिरण्यांवर दगडफेक केली. वरवर पाहता हा केवळ काट्यांचा प्रश्न होता. परंतु भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजला की कामगाराला ३९ मिनिटे अगोदर, अधिक अंधारात, घर सोडावे लागणार होते. घड्याळ पुढे सरकले म्हणून सूर्य काही लवकर उगवत नाही. मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळच चालू ठेवली आणि ती १९५५ पर्यंत टिकली. अशा रीतीने जवळजवळ अर्धशतक एका शहरात दोन वेळा नांदल्या. ‘सकाळी दहा वाजता सभा भरेल’ एवढेच लिहून भागत नसे. ती मुंबई टाइमप्रमाणे की स्टँडर्ड टाइमप्रमाणे, हेही सांगणे आवश्यक होते.

मुंबईतील या दोन वेळांमध्ये एक गोष्ट निदान सोयीची होती. त्यांच्यातील अंतर कायम होते. ३९ मिनिटे एकदा पाठ केली की हिशेब चुकण्याचे कारण नव्हते. हे अंतरच जेव्हा ऋतूप्रमाणे बदलू लागते, तेव्हा प्रश्न खरा अवघड होतो.

ऋतूप्रमाणे घड्याळ फिरविण्याच्या या पद्धतीस उन्हाळी वेळ असे म्हणतात. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, तेव्हा लोकांनीही लवकर उठावे आणि संध्याकाळचा प्रकाश अधिक काळ उपभोगावा, असा तिचा हेतू आहे. लवकर उठा असे सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून घड्याळच एक तास पुढे करावयाचे. विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये एक पुस्तिका काढून या कल्पनेचा पुरस्कार केला. तथापि ती प्रत्यक्षात आली ती महायुद्धाच्या निकडीमुळे. इंधन वाचविण्यासाठी जर्मनीने एप्रिल १९१६ च्या अखेरीस घड्याळे पुढे केली आणि काही आठवड्यांतच ब्रिटनने तिचे अनुकरण केले. भारतातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली होती.

शांततेच्या काळात मात्र भारताला या उपायाची गरज भासली नाही. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो, तर सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी. चामराजपेटेत मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आत असतो आणि लहानात लहान साडेअकरा तासांच्या आसपास. वर्षभरात दीड तासाचाच फरक पडत असेल, तर वाचवावयाचा प्रकाश आणावयाचा कोठून?

परंतु आपण घड्याळाला हात लावला नाही, तरी शेजारी लावू शकतो. याचे उदाहरण अटारी आणि वाघा या सीमेवरील दोन ठाण्यांत सापडते. पाकिस्तानची वेळ एरवी भारताच्या अर्धा तास मागे असते. अटारीस दहा वाजले की वाघ्यास साडेनऊ वाजलेले असतात. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ या वर्षांतील काही महिने उन्हाळी वेळ पाळली. त्या महिन्यांत अटारीस दहा वाजले असता वाघ्यास साडेदहा वाजत. अर्धा तास मागे असलेला शेजारी एका रात्रीत अर्धा तास पुढे गेला. सीमेवरील दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांना भेटण्याचे ठरविले असते आणि त्यांतील एकाने जुनाच हिशेब धरला असता, तर काही पावलांच्या अंतरावर उभे असूनही त्यांची भेट एक तासाने चुकली असती. बांगलादेशानेही १९ जून २००९ पासून त्या वर्षाअखेरपर्यंत हाच प्रयोग केला. त्यामुळे कोलकाता व ढाका यांच्यातील अर्ध्या तासाचे अंतर दीड तासाचे झाले.

ऑस्ट्रेलियात हा प्रकार दरवर्षी घडतो. न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळी वेळ पाळली जाते. शेजारच्या क्वीन्सलँडमधील जनतेने ती १९९२ च्या सार्वमतात नाकारली. या दोन राज्यांच्या सीमेवर ट्वीड हेड्स व कूलनगट्टा ही गावे एकमेकांना लागून आहेत. वर्षातील सहा महिने त्यांची घड्याळे मिळतीजुळती असतात आणि सहा महिने त्यांच्यात एक तासाचे अंतर असते.

दोन्ही बाजू उन्हाळी वेळ पाळत असल्या, तरी त्यांच्या तारखा एकच असतील असे नाही. हे समजण्यासाठी पुन्हा चामराजपेटेत येऊ. समजा, तेथील एका मराठी कुटुंबातील मुलगा लंडनला आणि मुलगी अमेरिकेतील न्यू जर्सीत राहते. दर रविवारी आजी, नातू आणि नात दूरध्वनीवर एकत्र येतात. हिवाळ्यात वेळ ठरली आहे ती अशी: चामराजपेटेत संध्याकाळी साडेसहा, लंडनला दुपारी एक, न्यू जर्सीत सकाळी आठ. २००७ पासून अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात. ब्रिटनमध्ये ती मार्चच्या शेवटच्या रविवारी होतात. २०२५ मध्ये या तारखा अनुक्रमे ९ मार्च व ३० मार्च अशा होत्या.

आता ‘नेहमीची वेळ’ म्हणजे कोणती? आजीचे साडेसहा प्रमाण मानले, तर ९ मार्चपासून नातीला आठऐवजी नऊ वाजता बसावे लागते आणि ३० मार्चपासून नातवाला एकऐवजी दोन वाजता. नातीचे आठ प्रमाण मानले, तर ९ मार्चपासून आजीला साडेपाचलाच तयार राहावे लागते. नातवाकडे मात्र ९, १६ व २३ मार्च या तीन रविवारी बारा वाजलेले असतात आणि ३० मार्चला पुन्हा एक वाजतो. नातवाचा एक प्रमाण मानला, तर ते तीन रविवार नातीला नऊ वाजता यावे लागते, मग पुन्हा आठ. आणि आजीची वेळ ३० मार्चपासून साडेपाच होते. एकच भेट, परंतु तिचे तीन निरनिराळे अर्थ निघतात. ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटनची घड्याळे आधी मागे येतात आणि अमेरिकेची एका आठवड्याने, तेव्हा असा घोटाळा एका रविवारापुरता पुन्हा होतो.

या उदाहरणातून तीन नियम हाती लागतात. पहिला, दोन ठिकाणांमधील अंतर ही कायमची संख्या मानू नये. ते अंतर अमुक तारखेचे आहे असे समजावे. दुसरा, वेळेबरोबर ठिकाणाचे नाव लिहावे. नुसते ‘सात वाजता’ हे वाक्य अपुरे आहे. ‘चामराजपेटेतील सात’ हे पुरे आहे. तिसरा, भेट वारंवार व्हावयाची असल्यास कोणाचे घड्याळ प्रमाण धरावयाचे ते पहिल्याच दिवशी ठरवावे, आणि घड्याळे बदलण्याच्या तारखा सर्वांनी अगोदर टिपून ठेवाव्यात. आजकालची संगणकीय दिनदर्शिका हा हिशेब आपोआप करते हे खरे. तथापि प्रमाण घड्याळ कोणाचे हे तिला माणसानेच सांगावे लागते. एखाद्या देशाने ऐनवेळी नियम बदलला, तर नवा नियम तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तीही चुकते.

यांतील तिसरा नियम केवळ सोयीचा नाही. ज्याचे घड्याळ प्रमाण ठरते, त्याला काहीच बदलावे लागत नाही. त्याच्या वाटचा बदल इतरांना सोसावा लागतो. १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला हे अंधाऱ्या पहाटे समजले. आज बंगळुरातून परदेशी कचेऱ्यांची कामे करणाऱ्या तरुणांना ते ऋतू पालटताना उमगते: भारतात घड्याळाचा काटा हललेला नसतो, पण घरी परतण्याची वेळ एक तासाने हललेली असते. म्हणून परस्परांशी विचारविनिमय करून हा भार वाटून घेणे न्याय्य ठरते. अर्धे वर्ष एका बाजूने गैरसोय सोसावी, अर्धे वर्ष दुसऱ्या बाजूने. चामराजपेटेतील आजीने हिवाळ्यात साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेपाचला बसण्याचे मान्य केले, तर तिच्या घड्याळात काही बिघडले असे होत नाही. सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर असलेल्या नातीची रविवारची झोप तिने जपली, एवढाच त्याचा अर्थ.